गाडी गेली, नाव राहिलं

दुपारची जेवणं आटोपून आळीतल्या बायका जरा कुठं लवंडल्या की रस्त्यावरून हाळी यायची, ‘भांडीयेऽऽ!’ ज्यांचं लहानपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलं, त्यांना बोहारीण कोण हे सांगायला नको. आई ट्रंक उघडून एक विटकी साडी आणि वडिलांच्या दोन पँटी काढायची. बोहारीण पँट उजेडात धरायची, गुडघ्यापाशी आतून बोट घालून विरलेला भाग नेमका शोधायची आणि म्हणायची, ‘यात काय ऱ्हायलंय, बाई?’ मग तासभर घासाघीस. शेवटी एक स्टीलचा डबा ठरायचा आणि पाटी डोक्यावर चढता चढता आई वर एक चमचा ओढून घ्यायची. त्या चमच्याचा आनंद तिला संध्याकाळपर्यंत पुरायचा.

२०२५ च्या दसऱ्याच्या आधी तीन दिवस मी साताऱ्यातल्या एका दुचाकीच्या शोरूमच्या मागच्या अंगणात उभा होतो आणि समोर अगदी हेच चाललं होतं. पाटीऐवजी हातात टॅब घेतलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण माझ्या पंधरा वर्षांच्या मोटारसायकलीभोवती फिरत होता. त्यानं चेन बोटानं उचलून पाहिली, पुढचा शॉकअप दाबून त्यातून तेल येतंय का ते पाहिलं, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून धूर हुंगला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘काका, यात आता राहिलंय काय?’

सौ.नं माझ्याकडे पाहिलं. मी सौ.कडे पाहिलं. दोघांनाही आई आठवली असावी.

खरं तर मला नवी गाडी नकोच होती. पण खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, फी आणि पर्यावरण कर भरायचा, मग पुढची पाच वर्षं मिळतात. माझी मुदत त्याच ऑक्टोबरात संपत होती. त्यातच दुचाकींवरचा जीएसटी कमी झाला. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर अठ्ठावीस टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरा झाला, आणि तो दिवस नेमका घटस्थापनेचा! शोरूमवाल्यांना याहून चांगला मुहूर्त कुठला मिळणार? रोजच्या पेपरात पानभर जाहिराती. आमची लेक पुण्याला एका विमा कंपनीत नोकरीला आहे. तिचा फोन आला, ‘बाबा, आता तरी ती गाडी काढा. तुमचं वय झालंय आणि तिचंही.’ माझ्या वयाबद्दलचा भाग मी ऐकून सोडून दिला.

या गाडीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. ती मी घेतली १७ ऑक्टोबर २०१० ला, तोही दसराच. टाकीवर ‘हिरो’ आणि ‘होंडा’ अशी दोन्ही नावं शेजारी शेजारी होती. १९८४ साली या दोघांनी एकत्र संसार मांडला, १९८५ मध्ये त्यांची सीडी-१०० रस्त्यावर आली आणि पेट्रोलच्या भावानं गांजलेल्या मध्यमवर्गाला चार स्ट्रोकच्या इंजिनाचं वेड लागलं. मी गाडी घेऊन दोन महिने होताहेत तोवर, डिसेंबर २०१० मध्ये, दोघं वेगळे होत असल्याची बातमी आली. पुढच्याच वर्षी कंपनीचं नाव बदललं. माझ्या टाकीवर मात्र दोन्ही नावं तशीच राहिली. लग्नपत्रिका छापून झाल्यावर सोयरीक मोडावी, तसं. शाळेतले सहकारी चेष्टा करायचे, ‘गुरुजी, तुमच्या गाडीवर अजून जुनं आडनाव!’ तेव्हा हसलो होतो. या नाव राहून जाण्याच्या भानगडीत पुढं मीच सापडणार आहे, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. शाळा मेढ्याच्याही पुढं. पावसाळ्यात त्या बाजूला जो पाऊस पडतो तो पाहिलेल्यालाच कळेल. तशा पावसात बारा वर्षं ही गाडी मला नेत-आणत होती. मागच्या सीटवर कधी पोषण आहाराची पोती, कधी परीक्षेचे गठ्ठे, कधी ताप आलेलं पोर. लेक हिच्यावरच गाडी शिकली आणि हिच्यावरूनच पडून हनुवटीला दोन टाके घालून घेतले. सीट फाटलं तेव्हा सौ.नं जुन्या हिरव्या चौकड्यांच्या पडद्याचं कव्हर शिवून दिलं. मी आधी लाजलो, मग सवय झाली. हे कव्हर लक्षात ठेवा.

माझ्या वडिलांच्या वेळी जुनी गाडी देऊन नवी घ्यायची ही कल्पनाच कुणाला सुचली नसती. त्यांनी स्कूटरसाठी नंबर लावला होता आणि सात वर्षं पोस्टमनकडे डोळे लावून बसले होते. त्या काळी नंबर लागलेल्या माणसाची लग्नाच्या बाजारातली किंमत वाढायची, आणि जुनी स्कूटर नव्या स्कूटरच्या छापील किमतीपेक्षा जास्त भावानं जायची. वरच्या पैशाला ‘ऑन’ म्हणत. गिऱ्हाईक दुकानदाराच्या मिनतवाऱ्या करी. आता दुकानदार गिऱ्हाइकाला सरबत पाजतो. सरबत गोड असतं, हे मी नाकारत नाही.

असो. आपण शोरूमच्या अंगणात होतो.

त्या तरुणानं मीटरकडे वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा जरा उजळला. ‘बासष्ट हजारच चाललीय, काका?’

मी म्हणालो, ‘नाही हो. तो काटा एकदा फिरून आलाय. एक लाख बासष्ट हजार.’

सौ.चं कोपर बरगडीत बसलं. पण आयुष्यभर पोरांना ‘खरे बोलावे’ फळ्यावर लिहून दिलेला माणूस मी, ऐन वेळी दुसरं काय सुचणार? तरुणानं टॅबवर काहीतरी टिपलं आणि सांगितलं, ‘सात हजार.’

आमचे मिस्त्री, ज्यांना सगळा गाव चाचा म्हणतो, त्यांनी आदल्या दिवशीच गाडी ऐकून (ते गाडी पाहत नाहीत, ऐकतात) मला बजावलं होतं, ‘गुरुजी, इंजिन अजून उघडलेलं नाही. बाहेर द्याल तर पंधराला कुणीपण नेईल. शोरूमला दहाच्या आत बोट ठेवू देऊ नका.’ त्या जोरावर मी भांडलो. साडेसात, आठ, साडेआठ करत नऊ हजारांवर गाडी आली. वर कंपनीचा एक्स्चेंज बोनस दोन हजार. इथं एक गोष्ट मला चाचांमुळं कळली. ती सांगून टाकतो, कुणाच्या तरी कामी येईल. जुन्या गाडीची किंमत आणि बोनस हे दोन आकडे वेगवेगळे लिहून मागायचे. नाहीतर ‘तुमची गाडी अकरा हजाराला घेतली’ म्हणून सांगतात आणि त्यात बोनसही तुमच्याच गाडीच्या गळ्यात बांधलेला असतो. बोनस कंपनी देते, शोरूमच्या खिशातून जात नाही. तसंच विमा त्यांच्याच टेबलावर घेतला पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही.

एवढं सगळं केल्यावर, म्हणजे दीड तास पाय मोडून उभं राहिल्यावर, मी अगदी विजयी मुद्रेनं आत आलो. सौ.नं चमचा म्हणून एक गाडी झाकायचं कव्हर आणि देवीचा फोटो मिळवला. हेल्मेट गाडीबरोबर येतंच. मग त्या तरुणानं माझ्यापुढं कागद सरकवले. ‘काका, हे टीटी फॉर्म. इथं, इथं आणि इथं सही.’

टीटी म्हणजे मालकी हस्तांतराचे अर्ज. कायद्याच्या भाषेत नमुना २९ आणि नमुना ३०. विकणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं. घेणाऱ्याचा रकाना कोरा.

‘इथं नाव कुणाचं?’ मी विचारलं.

‘ते आम्ही टाकतो, काका. गाडी ज्या पार्टीला जाईल तिचं. महिन्याभरात तुमच्या मोबाइलवर मेसेज येईल.’

मी सही केली. तीन ठिकाणी. पाचवीच्या वर्गात कुणा पालकानं कोऱ्या दाखल्यावर सही मागितली असती तर मी त्याला पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं असतं. पण माझं सगळं लक्ष सात हजारांचे नऊ झाले यात होतं. आरसी, विम्याची प्रत, पीयूसी आणि दोन्ही किल्ल्या दिल्या. एक किल्ली नवीकोरीच होती. पंधरा वर्षं कपाटात होती. गाडी कुठं ठेवू विचारलं, तर तो म्हणाला, ‘असू दे तिथंच.’ भिंतीकडेला तशाच तीस-पस्तीस गाड्या होत्या. काहींच्या हँडलला जुन्या दसऱ्यांचे झेंडू सुकलेले होते. मी रिझर्व्हचा खटका बंद केला. सवय, दुसरं काय!

दसऱ्याला नवी गाडी दारात आली, आपट्याची पानं वाहिली, पेढे झाले. दिवाळी झाली. मोबाइलवर मेसेज काही आला नाही आणि खरं सांगायचं तर मीही त्याची वाट पाहिली नाही.

मेसेज आला डिसेंबरात. वेगळाच.

वाईत वाहतूक पोलिसांनी माझ्या जुन्या गाडीचा फोटो काढून दंड केला होता. फोटो उघडला. गाडीवर तीन पोरं. एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. मधल्याच्या मांडीवर एक मोठी पिशवी आणि त्याच्या पायाखालून डोकावणारं हिरव्या चौकड्यांचं सीट कव्हर. सौ.नं चष्मा लावून ते पाहिलं. पहिला शब्द तिच्या तोंडून आला तो, ‘अगं बाई, किती मळवलंय!’

दंडाचं मला फारसं वाटलं नाही. भरून टाकू, म्हटलं. पण लेकीला फोटो पाठवला आणि दहा मिनिटांत तिचा फोन आला. आवाज चढलेला होता.

‘बाबा, त्या गाडीचा विमा कधी संपला?’

‘सोळा ऑक्टोबरला. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारासच भरायचो ना.’

‘म्हणजे आज तिला विमा नाही. नोंदणीची पंधरा वर्षं पण संपली. आणि आरटीओच्या दप्तरात मालक कोण? तुम्ही. ही तीन पोरं उद्या कुणाला धडकली, कुणी मेलं, तर नुकसानभरपाईचा दावा कुणावर लागेल?’

‘चालवणाऱ्यावर,’ मी म्हणालो.

‘चालवणाऱ्यावर आणि मालकावर. विमा असता तर कंपनीनं दिले असते. नाही म्हटल्यावर तुमच्या पेन्शनीतून.’

मग तिनं जे सांगितलं ते मी नंतर स्वतः वाचून खात्री करून घेतलं. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यात मालकाची व्याख्याच अशी आहे की, ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो मालक. सुप्रीम कोर्टापुढं असंच एक प्रकरण गेलं होतं. एका माणसानं २००७ मध्ये आपली मोटार विकली. ताबा दिला, पैसे घेतले. घेणाऱ्यानं ती दुसऱ्याला विकली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. नाव मात्र कुणीच बदललं नाही. मे २००९ मध्ये ती मोटार मागे घेताना अपघात झाला, एकाचा जीव गेला, एक बाई जखमी झाली. विमा नव्हता. फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टानं निकाल दिला की, भरपाईची जबाबदारी पहिल्याच माणसाची, कारण दप्तरी नाव त्याचं. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी हातोहात फिरलेल्या गाडीचा माग काढत कुठवर हिंडायचं? वाचल्यावर मला त्या निकालात चूक काढता येईना. आणि म्हणूनच त्या रात्री झोप लागेना.

डोळे मिटले की ती तिघं दिसायची. वाईहून पसरणीच्या घाटाला लागलेली, उतारावर इंजिन बंद करून येणारी. पुढचा ब्रेक मी उन्हाळ्यात बदलायचा ठरवला होता आणि गाडी द्यायचीच आहे म्हणून राहू दिला होता. ते कुणाला सांगितलंही नव्हतं. तरुणानं विचारलं नाही आणि मीटरच्या बाबतीत सत्यवचनी झालेला मी ब्रेकच्या बाबतीत गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी शोरूम उघडायच्या आधी मी दारात. तो तरुण नोकरी सोडून गेला होता. मॅनेजर अदबीनं वागले, सरबतही आलं. ‘सर, एक्स्चेंजच्या गाड्या आम्ही ठेवत नाही. दर आठवड्याला व्यापारी येतो, एकदम लॉट उचलतो. तुमचे सही केलेले फॉर्म आम्ही त्याला दिले. नाव करणं त्याचं काम.’

‘आणि त्यानं नाही केलं तर?’

‘करतात, सर. वेळ लागतो.’

लेकीनं मला पढवून पाठवलं होतं. मी विचारलं, ‘तुमच्याकडे जुन्या गाड्यांच्या व्यवहाराचं आरटीओचं अधिकारपत्र आहे का? माझी गाडी ताब्यात घेतल्याची २९-सीची सूचना दिलीत का?’

मॅनेजर सरबताच्या ग्लासाकडे पाहू लागले. सांगण्यासारखं होतं ते असं. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये नियम काढले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या गाड्या घेणाऱ्या-विकणाऱ्या व्यापाऱ्यानं आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचं. गाडी ताब्यात घेतली की नमुना २९-सी मध्ये तशी सूचना द्यायची. ती सूचना गेली की पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो व्यापारीच मालक मानला जातो. जबाबदारी त्याची. गाडी चाचणीला किंवा दुरुस्तीला नेली तरी तिची नोंद ठेवायची. म्हणजे माझ्यासारख्याची सुटका कागद सरकवल्याच्या दिवशीच व्हायची सोय कायद्यानं करून ठेवली आहे. मला ती मागायला हवी होती. मी मागितलं ते गाडी झाकायचं कव्हर. शिवाय विकणाऱ्यानंही चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हे कलम ५० मध्ये आहे आणि ते मी पंधरा वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं.

एक कागद मात्र माझ्या बाजूचा निघाला. नव्या गाडीच्या बिलात ‘जुने वाहन वजा रु. ९,०००’ अशी ओळ होती आणि पुढं जुन्या गाडीचा नंबर, तारीख. आकडे वेगवेगळे लिहून घ्या, हा चाचांचा आग्रह असा कामी आला. त्याची प्रत जोडून मी आरटीओत अर्ज दिला, पोच घेतली. आणखी एक प्रत मॅनेजरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि व्यापाऱ्याचा नंबर लिहून दिला.

व्यापाऱ्याकडून दुसरा, दुसऱ्याकडून तिसरा. चौथ्या फोनवर एका पोरानं उचलला. आवाज कोवळा. ‘कोण? गुरुजी? कोणते गुरुजी?’

वाई तालुक्यातल्या एका वाडीवर तो राहतो. रविवारी चाचांना बरोबर घेऊन गेलो. वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती. दारात म्हातारी आजी आणि गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली माझी गाडी. पुसलेली, चेनला तेल घातलेलं. मुलगा वीस-एकवीसचा. सकाळी डेअरीला दूध घालतो, मग वाईत एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला जातो. फोटोतली बाकीची दोघं त्याचे चुलतभाऊ, आणि त्या पिशवीत आजीचं औषधपाणी आणि पेंडीचा नमुना. जुळवलेली वाक्यं घशातच राहिली.

‘केवढ्याला घेतलीस रे?’ मी विचारलं.

‘एकवीस हजार. आणि नावावर करायचे वेगळे अडीच हजार दिले, सर. ते म्हणाले, महिन्यात कागद घरी येतील.’ मग जरा अभिमानानं, ‘बासष्ट हजारच चाललीय.’

चाचा दुसरीकडे पाहू लागले. माझ्याकडून नऊ हजाराला गेलेली गाडी त्याच्याकडे साडेतेवीस हजाराला आली होती. कागद कुणाच्याच घरी आले नव्हते. मी फसलो म्हणून त्याच्यावर रागवायला आलो होतो. तो माझ्याहून जास्त फसला होता आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. मीटरचं मी सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘तरी किक एकच लागते, सर.’

विम्याचं आणि अपघाताचं सांगितलं तेव्हा मात्र आजी पुढं आली. तिला कलम ५० कळण्याचं कारण नव्हतं. ‘म्हंजी ह्यानं कुणाला उडिवला तर मास्तरांचं घर जाईल?’ तिनं विचारलं. मी हो म्हणालो. ‘अन् ह्यालाच काय झालं तर?’ त्याला उत्तर चाचांनी दिलं. त्यांनी स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारून दाखवली. ती नातवाकडे वळली आणि त्यानं मान खाली घातली.

पुढं काय करायचं ते चाचांनी ठरवलं. नव्यानं चार ठिकाणी भांडत बसण्यापेक्षा आपणच नाव करून टाकू. त्यांनी तिथंच पुढच्या ब्रेकचे लायनर बदलले. सुटे भाग घेऊनच आले होते, हे मला तेव्हा कळलं. मी कधी बोललो नव्हतो, पण गाडी ऐकणाऱ्याला ते ऐकू आलं असणार. पैसे मी दिले. ब्रेकचं मुलाला मीच सांगितलं. तेवढं तरी सांगायला हवं होतं.

आरटीओत आम्हाला तीन खेपा पडल्या. पहिल्या खेपेला विमा, पीयूसी. मुलानं ते आदल्या आठवड्यातच काढलं होतं, आणि नव्या पद्धतीची नंबरपाटी मी उन्हाळ्यातच बसवून घेतली होती, म्हणून ते एक सुटलं. दुसऱ्या खेपेला गाडीची तपासणी. दिवे, हॉर्न, आणि चासी नंबरावर कागद ठेवून वर पेन्सिल घासून घेतलेला ठसा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आम्ही राजाचं चित्र काढायचो, अगदी तसं. पंधरा वर्षांत तो नंबर मी पहिल्यांदाच पाहिला. मुदत वाढवायच्या अर्जावर माझी सही लागली, कारण मालक मीच. पर्यावरण कराची पावतीही माझ्याच नावाची. मुलानं त्याचे पैसे पुढं केले, मी अर्धे घेतले. का ते सांगता येत नाही. पूर्ण घेतले असते तर सौ.नं घरात घेतलं नसतं आणि काहीच घेतले नसते तर त्याला बरं वाटलं नसतं.

तिसऱ्या खेपेला पुन्हा टीटी फॉर्म. या वेळी घेणाऱ्याच्या रकान्यात त्यानं माझ्यासमोर स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर बरं होतं. मग मी सही केली.

बाहेर आल्यावर मी त्याला नव्या गाडीबरोबर मिळालेलं हेल्मेट दिलं. माझं जुनं मला पुरतं. त्यानं ते डोक्यावर घातलं, पट्टा लावला, आणि चोक न ओढताच किक मारली. एका किकेत. मला स्टँडपर्यंत सोडतो म्हणाला. माझं हेल्मेट पिशवीत होतंच. बारा-पंधरा वर्षं जी गाडी मी चालवली तिच्यावर त्या दिवशी पहिल्यांदा मागं बसलो. मागचं सीट एवढं कडक आहे, हे सौ. इतकी वर्षं सांगत होती.

अठरा दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला. वाहनाची मालकी बदलल्याचा. मी तो लेकीला पाठवला, मग स्वयंपाकघरात जाऊन सौ.ला वाचून दाखवला. ती पोळ्या लाटत होती.

‘कव्हर तसंच आहे का?’ तिनं विचारलं.

‘आहे.’

‘मळलेलं?’

‘धुतलंय. त्याच्या आजीनं.’

तिनं पोळी तव्यावर टाकली. ‘एका बाजूची शिवण सुटत आली होती,’ ती म्हणाली. ‘पुन्हा कधी आला तर काढून आणायला सांगा. मी घालून देते.’